मिठाला एक खाच

केशव मेस्त्री कुणाच्याही घरात शिरले की आधी माणसांकडे बघत नसत, कपाटाच्या मागे बघत. कपाट भिंतीला चिकटलेलं असेल तर ओढून पुढे घ्यायला लावत. घरचे ओशाळत, कारण कपाटामागे प्रत्येकाच्या घरी काही ना काही निघतंच. मेस्त्री एक डोळा मिटून फटीत बघणार, पाठीची फळी नखाने खरवडणार, नख नाकाशी नेणार आणि म्हणणार, "वरून सगळंच साग असतं." मग पाणी मागणार. तेही भांडं उजेडाकडे तिरपं करून, तळ बघून, मग पिणार.

आज मी 'मेस्त्री आले, मेस्त्री म्हणाले' असं लिहिते आहे. त्या काळी मनातल्या मनात मी त्यांना एकेरीच म्हणत होते. आणि मनाबाहेर एकदा काय म्हणाले, ते पुढे येईलच.

साठ सालानंतरची ती वर्षं. तारापूरच्या बाजूला मोठा प्रकल्प उभा राहत होता. बोईसर स्टेशनातून बाहेर पडलं की हिंदी कानावर यायला लागली होती. आमच्या चिंचणीत मात्र वाळत घातलेल्या बोंबलांखाली तेच बांबू आणि तीच मांजरं. मी आमच्या आळीतली पहिली पदवीधर. मुलांमुलींत मिळून पहिली. हे मुद्दाम लिहिते. ज्यांच्या घरी आजोबांपासून पदव्या आहेत त्यांना यात काही वाटणार नाही. ज्या घरात सही म्हणून अंगठा उमटत होता त्या घरातल्या मुलीला वाटतं, आणि मला ते लपवायचं नाही.

बी. ए. झाल्यावर मला पालघरच्या एका शाळेत नोकरी लागली. तिथेच एक खोली घेऊन मी राहत होते. शनिवारी दुपारी शाळा सुटली की चिंचणीला यायचं, सोमवारी पहाटे परत. वडील मी कॉलेजात असतानाच गेले होते. घरात आई एकटी.

एका रविवारी आईने बोंबलाचं कालवण केलं आणि ते फसफसलं. पातेल्यातून फेस वर आला. तिने मिठाऐवजी धुण्याचा सोडा घातला होता.

"डबे सारखे दिसतात गो," आई हसून म्हणाली. "सगळे तुज्या बापाने एकदमच आणलेले."

मी हसले नाही. तिच्या मनगटावर भाजल्याची एक ताजी खूण होती, तीही मी त्याच दिवशी पाहिली होती. मी तिला स्वच्छ सांगितलं, तू आता पालघरला माझ्याबरोबर राहायचं.

"मी पालघरला येऊन काय करू? भिंती बघू?"

तीन रविवार वाद झाला. शेवटी आमच्यात एक तह ठरला. स्वयंपाकघर मी नव्याने करून घ्यायचं. उघड्या मांडणीवरचा तो पसारा, ती शिंकाळी, ती खुंट्यांवरची भांडी सगळं जाऊन नीट कपाटं यायची. त्यानंतर सगळं सुरळीत चाललं तर आई चिंचणीत. पुन्हा काही गडबड झाली तर घराला कुलूप आणि आई पालघरला. आईने मान हलवली. त्या घरात ती लग्न होऊन आली होती. मागच्या दारी समुद्राचा आवाज होता, पुढच्या दारी आळीतल्या बायका होत्या. तिचं सगळं आता त्या कपाटांवर येऊन ठेपलं होतं. मला वाटत होतं की दोष मांडणीत आहे. पदवीधर माणसाला कारण लवकर सापडतं.

कपाटं कशी हवीत ते माझ्या डोक्यात पक्कं होतं. माझ्या शाळेतल्या एका बाईंचे यजमान प्रकल्पावर ओव्हरसियर होते. त्यांच्या क्वार्टरमध्ये मी पाहिली होती: भिंतीवर ओळीने बसवलेली, पांढऱ्या रंगाची, दारांना गोल मुठी, सगळं आत, बाहेर काही नाही. मी पट्टी घेऊन कागदावर तसंच चित्र काढलं, मापं घातली, आणि तारापूरहून केशव मेस्त्रींना बोलावलं. मेस्त्री आधी होड्यांची कामं करत. पुढे घरांची करायला लागले होते. हाताखाली कुणी ठेवत नसत. हाताखालचा माणूस खिळा वाकडा गेला तरी तसाच ठोकतो, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी माझा कागद घेतला. सुलटा बघितला, उलटा बघितला, मागची कोरी बाजूही बघितली.

"ह्याच्यात तुजी आय कुठं हाय?"

"हे कपाटाचं चित्र आहे, मेस्त्री. यात आई कशी असेल?"

"मंग हे कपाट तिचं नाय," ते म्हणाले, आणि कागद घडी करून कानावरच्या पेन्सिलीशेजारी खोचला.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्याने माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली. दिवाळीची सुट्टी असल्याने मी घरीच होते. मेस्त्री रोज सकाळी यायचे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचे आणि बसूनच राहायचे. रंधा नाही, करवत नाही. आई भाकऱ्या थापतेय, मासे कापतेय, आणि हे बघतायत. एकदा तर तिला म्हणाले, "वैनी, डोळे मिटा न हात वर करा." आईने तसं केलं. त्यांनी एक सुतळी तिच्या बोटापासून जमिनीपर्यंत धरली आणि गाठ मारली. मग ओट्याशी उभी करून दुसरी गाठ. मग बसवून तिसरी. गज नाही, टेप नाही. तीन दिवसांत त्या सुतळीला सात-आठ गाठी झाल्या.

"टेप नाही का तुमच्याकडे?" मी विचारलं.

"हाय. पण टेपावर माझा इस्वास नाय. टेप सगळ्यांना सारखाच मोजतो."

मला हे उत्तर बनवाबनवीचं वाटलं. खरं सांगते, मला तेव्हा कुणाचंच उत्तर सरळ वाटत नव्हतं. शिकलेली पोर म्हटली की दुकानदार गोड बोलतात आणि माप मारतात, हा माझा अनुभव होता.

लाकूड घ्यायला मी त्यांच्याबरोबर पालघरच्या वखारीत गेले ती त्याच संशयाने. साग मीच डोळ्यांदेखत निवडणार होते. वखारवाल्याने तेल लावून चकचकीत केलेली फळी पुढे टाकली. "बाई, हा जंगलचा अस्सल साग. मनोरकडचा."

मेस्त्रींनी फळीच्या तोंडाकडे बघितलंच नाही. दुसऱ्या टोकाला जाऊन गुडघ्यावर बसले. टोकाला थुंकी लावली, अंगठ्याने चोळली, हुंगली. मग फळी एका टोकाने उचलून जमिनीवर सोडली आणि कान देऊन आवाज ऐकला.

"मास्तरीणबाय, इकडं ये. वास घे. कसला येतो?"

मी नाक नेलं. "तेलाचा."

"न आता हिचा घे." कोपऱ्यातली एक धुळकट फळी त्यांनी ओढली. रंध्याचं पातं काढून तिची एक ढलपी उडवली.

"चपलेसारखा येतोय," मी म्हटलं. मला हसू आलं. "नव्या चामड्याचा."

"तो साग. कॉलेजात शिकवत नाय काय?" आणि वखारवाल्याकडे वळून म्हणाले, "शेट, वरून सगळंच साग असतं. ही धुळीतली बांधा."

वखारवाला चिडला. "मेस्त्री, तुम्ही आईच्या दुधाचा पण वास घेतला असेल!"

"घेतला असंल. पोर सगळंच हुंगून बघतं. मोठं झालं की सोडतं, तिथं फसतं."

परतीच्या वाटेवर बोईसरला उतरून मी त्यांना त्या ओव्हरसियरांच्या क्वार्टरमध्ये नेलं. म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघतील तर माझं चित्र त्यांना कळेल. बाईंनाही सुताराची गरज होती. वखारीतला तो वास नाकात असतानाच मी तोंड भरून मेस्त्रींची शिफारस केली. मेस्त्री आत गेले आणि थेट कपाटाखाली डोकं घातलं. मग वरचं दार उघडलं आणि उघडंच ठेवून बाईंना म्हणाले, "आता खालचं पातेलं घ्या न उभ्या ऱ्हावा."

बाई वाकल्या, पातेलं घेऊन उठल्या, आणि दाराची कड खाडकन कपाळावर लागली.

"अगंबाई!"

"रोज लागतं काय?"

"दिवसाआड," बाई कपाळ चोळत म्हणाल्या, आणि मग आम्ही तिघंही हसलो.

मेस्त्री बिजागरीवरून बोट फिरवून दाखवत होते. बोट तांबडं झालं होतं. "नवीन हाय न गंज धरला. दर्या इथनं लांब हाय तरी. चिंचणीत वर्षभर टिकणार नाय. लोखंडावर माझा इस्वास नाय." शिवाय आतल्या भिंतीला टेकून झुरळं बसली होती. दार लावलं की आत वारा नाही, वारा नाही की ओल, असं त्यांचं म्हणणं. "दार म्हंजे काय? आत काय चाललंय ते झाकायला. आधी इचारायचं, झाकायचं काय हाय?"

बाई खूश झाल्या. त्यांनी तिथेच आपलं काम मेस्त्रींना द्यायचं ठरवलं. मला मात्र ते वाक्य टोचलं. झाकायचं काय आहे? आमच्या घरात असं काय होतं?

सुट्टी संपली, मी पालघरला गेले. काम चालायचं ते मी नसताना. शनिवारी मी घरात पाऊल टाकलं की आई आणि मेस्त्री बोलताना थांबायचे. हे मी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा मुद्दाम चपला हातात घेऊन आले, तरी थांबलेच.

"कसलं बोलत होता?"

"काय नाय गो. माशांचं," आई म्हणाली.

"माशांवर तुमचा विश्वास आहे वाटतं, मेस्त्री," मी म्हटलं.

"मासा डोळ्यात बघून कळतो," ते म्हणाले. आईने मान खाली घातली. मला वाटलं, ती हसू लपवतेय.

शेजारच्या जानकीमावशीने त्यात तेल ओतलं. तिची जीभ आळीतली सगळ्यात लांब. कुंपणावरून मला हाक मारून म्हणाली, "सुमन, तुजा मेस्त्री काम कमी करतो न तुज्या आयशीजवळ बसतो जास्ती. न एक सांगू? प्रकल्पावरच्या पेट्यांची फळी डोक्यावर घेऊन येताना मी बघितला त्याला. सागाची फळी मात्र परवा खांद्यावर घेऊन तारापूरला गेला. मी आपलं सांगितलं. तुजं तू बघ."

परदेशी यंत्रं ज्या लाकडी पेट्यांतून यायची, त्या पेट्यांच्या फळ्या तेव्हा बाजारात मिळत. पांढरं, हलकं लाकूड. लोक त्याची कोंबड्यांची खुराडी करत.

पुढच्या शनिवारी काम पुरं झालं होतं. मी आल्या आल्या कपाटांसमोर उभी राहिले. माझ्या चित्रातलं जवळजवळ काहीच तिथे नव्हतं. वरची कपाटं हवी तेवढी उंच नव्हती, आईच्या नाकासमोर होती. दारं उघडणारी नव्हती, खोबणीत सरकणारी होती. कप्प्यांची उंची एकसारखी नव्हती. प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला पटाशीने खाचा पाडलेल्या: कुठे एक, कुठे दोन, कुठे चार. जणू शिकाऊ माणसाने हत्यार चालवून बघितलं होतं. मी मेस्त्रींचीच युक्ती केली. एक डबा बाजूला करून पाठीची फळी नखाने खरवडली. पांढरी.

"ही फळी कुठली?"

"पेटीची," मेस्त्री म्हणाले.

"आपण साग आणला होता."

"पुढं सागच हाय. बाजू साग, कप्पे साग."

"आणि मागे?"

"मागं ही."

"मग पाठीचा साग कुठे आहे?"

मेस्त्रींनी आईकडे बघितलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"माझ्या घरी हाय," ते म्हणाले.

एवढं सरळ कुणी कबूल करेल असं मला वाटलं नव्हतं. "आये, तू घरात असताना हे झालं. तू बघत होतीस ना?"

आईने पदराचं टोक सोडवलं आणि पुन्हा गुंडाळलं.

"आये, मी विचारतेय. तू बघितलंस की नाही?"

"मला काय कळतंय त्यातलं," आई हळू म्हणाली.

मग मी तो शब्द उच्चारला. चोर. पुढे आणखीही बोलले. अडाणी विधवा बाई बघून फसवलंत, पण तिची मुलगी शिकलेली आहे हे विसरलात, असं काहीसं. कुंपणापलीकडे जानकीमावशीचं सूप पाखडणं थांबलेलं मला ऐकू आलं, आणि मी आवाज खाली आणला नाही.

मेस्त्रींनी हत्यारं गोणपाटात गुंडाळली. जाताना उघडं राहिलेलं एक दार सरकवून बंद केलं, पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. अडकत नाही ना ते बघितलं. उंबऱ्यावर थांबून माझ्याकडे बघितलं, वखारीत फळीचं टोक बघत तसं.

"वरून सगळंच साग असतं, मास्तरीणबाय."

आणि निघून गेले. मला वाटलं, निलाजरेपणाची हद्द झाली.

सोमवारी मी बाईंना सांगितलं, त्या माणसाला काम देऊ नका. त्यांनी दिलं नाही. चिंचणीतलं काम जानकीमावशीने केलं. पंधरा दिवसांत दोन घरांनी मेस्त्रींना 'नंतर बघू' म्हणून परत पाठवलं. सुतार लाकूड बदलतो म्हटल्यावर त्याच्या रंध्याला कोण विचारतो? आई त्या दिवसांत माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. कालवण मात्र चांगलं होत होतं. मीठ मिठाच्या जागी होतं. माझ्या मनात आलं, कपाटं वाईट असली तरी उपयोगी पडली. तह आई जिंकत होती.

एका बुधवारी शाळेला अचानक सुट्टी मिळाली. मी अकराच्या सुमाराला घरी पोचले. पुढचं दार आतून लावलेलं होतं म्हणून वळसा घालून मागच्या दाराने गेले. आई ओट्याशी उभी होती. तिचं तोंड खिडकीकडे होतं, आणि हात कपाटात. तिने दार सरकवलं. बोटं फळीच्या कडेवरून चालायला लागली. एका खाचेशी थांबली, वर गेली, डबा काढला. चिमूट घातली. डबा परत. पुन्हा बोटं चालली. दोन खाचा: हळद. तीन: मसाला. ती हे बघत नव्हती. एकदाही बघत नव्हती.

मग तिला वरच्या फळीवरचं काळं पातेलं हवं होतं. तिने मान तिरपी केली, तोंड कपाटाजवळ नेलं, आणि पांढऱ्या फळीसमोर ते काळं पातेलं तिला दिसलं असावं, कारण हात नेमका त्यावर गेला.

मी उंबऱ्यात उभी होते, चार हातांवर. उजेडात. ती माझ्याकडे वळली, तरी तिला मी दिसले नाही.

मला सगळं एकदम कळलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला आधी सोडा आठवला, मग मनगट, मग 'डोळे मिटा न हात वर करा'. मग ती दारं, जी कधीच कपाळाला लागणार नाहीत. शेवटी मी तिला विचारलेलं आठवलं: तू बघितलंस की नाही? मी पाऊल आत टाकलं.

"कोण हाय?" आई दचकून म्हणाली.

"मी आहे, आये."

तिने हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, "आता कुलूप लावशील घराला."

मी आल्या पावली वळले. तशीच तारापूरला चालत गेले.

मेस्त्री पडवीत बसून काम करत होते. मला बघून हात थांबला नाही. "कशाला आलीस? दार अडकलं?"

"नाही."

"मंग साग न्यायला आलीस. अजून तयार नाय."

त्यांच्या पुढ्यात आमच्या सागाच्या पट्ट्या होत्या. कडा गोल केलेल्या, काचेसारख्या घासलेल्या. लांबलचक कठडा होता तो. आमच्या मागच्या दाराला पाच पायऱ्या आहेत, तिथून विहीर. चोर म्हटल्यानंतरही ते तो कठडा करत होते.

"मेस्त्री, मी चुकले."

त्यांनी संशयाने बघितलं. "कोणी सांगितलं? वैनीने?"

"नाही. मी बघितलं."

"किती वेळ?"

"थोडा वेळ."

"मी तीन दिवस बघितलं," ते म्हणाले. "पयल्या दिवशी वाटलं, बाई विसरते. दुसऱ्या दिवशी मी उंबऱ्यावरून आवाज न करता उठलो न पलीकडं बसलो. ती जुन्या जागेशी बोलत ऱ्हायली."

"मला का नाही सांगितलंत? निदान त्या दिवशी तरी. मी एवढं बोलत होते."

"तिने शपथ घातलेली. तुला कळलं की तू नोकरी सोडशील, नायतर तिला घेऊन जाशील. दोन्ही तिला नको होतं."

मी म्हटलं, आता मी आळीत सगळ्यांना सांगते. जानकीमावशीला तर आधी.

रंधा पहिल्यांदा थांबला. "काय सांगशील? मेस्त्री चोर नाय, कारण आमच्या आयला दिसत नाय? एकटी बाई, मागचं दार उघडं, न डोळे नाय. हे चार लोकांना कळलं की पाचवा कोण शिरेल घरात, सांगता येत नाय. मी लोकांना ओळखतो. तू बोलायचं नाय. माझं नाव माझं हाय, त्याचं मी बघीन."

मी परत आले ती हा निरोप घेऊन. आईला जसाच्या तसा सांगितला. मला वाटलं, तिला हायसं वाटेल. ती भिंतीला हात लावत उठली, डोक्यावर पदर घेतला आणि पुढच्या दाराने बाहेर पडली. बायका बोंबील उलटत होत्या तिथे जाऊन उभी राहिली. मी मागे होते.

"जानके," आई म्हणाली, "हायस काय गो इथं?"

"ही काय तुज्यासमोर," जानकीमावशी म्हणाली.

"तेच सांगायला आले. तू माझ्यासमोर हायस न मला दिसत नायस. वर्ष झालं. मेस्त्रीने साग चोरला नाय. पांढरी फळी माझ्यासाठी लावली, काळं भांडं दिसावं म्हणून. माझी पोर त्याला चोर बोलली न मी आयकत ऱ्हायले. चोर मी हाय." मग माझ्या दिशेने, थोडं चुकून, वळली. "आता ने मला पालघरला न्यायचं तर."

जानकीमावशीचे हात बोंबलांच्या वासासकट तसेच पुढे आले आणि तिने आईचा दंड धरला.

मुंबईच्या डॉक्टरांनी नंतर काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही म्हणाले. आईला मी पालघरला नेलं नाही. कठडा बसला. मागच्या दाराला मेस्त्रींनी आतून दोन अडसर केले, एक पुरेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. जानकीमावशी दिवसातून तीनदा डोकवायची आणि आई तिला म्हणायची, "बघायला आलीस काय चोरायला?" मेस्त्रींची कामं हळूहळू परत आली. बाईंकडे मी स्वतः गेले आणि माझ्या तोंडाने माझी चूक सांगितली. तेवढ्या शिक्षणाचा मला त्या वर्षी उपयोग झाला.

मेस्त्रींना मी शेवटचं पाहिलं ते बऱ्याच वर्षांनी. आईला तेव्हा उजेडसुद्धा कळत नव्हता. ते न सांगता आले, काठी टेकत. आल्या आल्या वाकून कपाटामागे बघितलं, पाठीची फळी हुंगली. आई ओट्याशी होती.

"वैनी, कालवण कसलं?"

"पापलेटाचं. जेवूनच जा, मेस्त्री."

ते कपाटासमोर उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. दार सरकवलं. बोट कडेवरून फिरवत एका खाचेशी थांबवलं, वरचा डबा काढला, झाकण उघडलं, चिमूटभर जिभेवर ठेवली. मी उंबऱ्यात बसून बघत होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत. जीभ टाळूला लावून बराच वेळ खात्री करून घेतली.

"मीठच हाय," ते म्हणाले, आणि जेवायला बसले.